झालरीच्या पोलक्याची व गॅलरीच्या सुभ्याची हकीकत

श्री सुईदेवी प्रसन्न. जिच्या इवल्या नेढ्यांतून अवघ्या जगाची लाज ओवली जाते, तिजला नमन करून आणि बोटास टोचूं नये ऐसी आगाऊ विनंती करून ही हकीकत लिहावयास घेतली. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख शुद्ध पंचमी, आदित्यवार, दुसरा चहा जाहलियावर या प्रकरणास आरंभ जाहला. एक राज्य होतें. त्याचें नांव कोणत्याही नकाशांत नाहीं, म्हणून येथेंही लिहिलें नाहीं. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर डाव्या हातास लागतें इतकें सांगितलें म्हणजे पुरे. पूर्वेस जिना, पश्चिमेस गॅलरी, दक्षिणेस रस्ता, आणि उत्तरेस शेजाऱ्यांचें स्वयंपाकघर, जेथून लसणीच्या फोडणीचे हल्ले दोन वेळां होत. राज्याचे धनी राजश्री त्र्यंबकराव, वय वर्षें चोपन्न, पोट किंचित पुढें. त्यांच्या राणीसाहेब मालिनीबाई, ज्यांचें मत दोन्ही पक्षांस आपलेंच वाटे. कन्या जुईली, वय एकवीस, नुकतीच कॉलेजच्या परीक्षांतून सुटलेली. आणि त्र्यंबकरावांच्या वडील भगिनी द्वारकाबाई, वय अठ्ठावन्न, ज्यांनीं लग्न केलें नाहीं, आणि कां केलें नाहीं हें पुसण्याची कोणाची छाती जाहली नाहीं. या द्वारकाबाईंकडे गॅलरीचा सुभा होता. सुभा म्हणजे काय, तर खिडकीखालचा साडेतीन हात मुलूख, त्यांत पायानें चालवावयाचें काळें शिवणयंत्र, त्यावरील सोनेरी वेलबुट्टी निम्मी झिजलेली, शेजारीं एक स्टूल आणि बिस्किटांच्या डब्यांत बटणें. बाकी सर्व राज्य भावाचें आणि भावजयीचें. तेथें बाई पाहुण्यासारख्या जपून वावरत, फ्रिज उघडतांना देखील इकडे तिकडे पाहत. मात्र खिडकीखालीं त्या बसल्या म्हणजे तें स्टूल सिंहासन होई, हें सर्वांस ठाऊक होतें आणि कोणी बोलून दाखवीत नव्हतें.

तर त्या आदित्यवारीं दरबार भरला आणि त्र्यंबकरावांनीं खाकरून सांगितलें कीं वैद्यांनीं आम्हांस व्यायामाची सायकल मारण्याचा हुकूम केला आहे, जी जागचे जागीं चालते, आणि ती ठेवण्यास राज्यांत गॅलरीवांचून जागा नाहीं. हें बोलतांना त्यांनीं बहिणीकडे पाहिलें नाहीं, पंख्याकडे पाहिलें. मग म्हणाले, "अक्का, हल्ली तू शिवतेस तरी कुठे गं? उशांचे अभ्रे सोडले तर वर्षभरात काय शिवलंस? माझ्या ऑफिसातल्या शिपायाच्या बायकोला मशीन हवंय. चांगल्या घरी जाईल." जसें कांहीं मशीन उपवर होतें. द्वारकाबाई मानी, त्यांनीं चेहऱ्यावर कांहीं येऊं दिलें नाहीं आणि दाण्याचा लाडू शांतपणें संपविला. इतक्यांत जुईली मोबाईल पाहत होती ती म्हणाली कीं येत्या आदित्यवारीं आमच्या कॉलेजच्या निरोपाचा सोहळा आहे, आणि मला हें पाहा ऐसा झालरीचा टॉप हवा आहे, परंतु दुकानांत मिळतो तो नायलॉनचा, या उन्हांत अंगाला खाजतो. चित्र सर्वांनीं पाहिलें. हलकें, वाऱ्यावर उडेल ऐसें पोलकें, गळ्याशीं झालर, बाह्यांशीं झालर. द्वारकाबाईंनीं चष्मा कपाळावर चढवून, म्हणजे चष्म्यावांचून, तें चित्र पाहिलें आणि म्हणाल्या, "यात काय आहे? मलमल आण, रविवारी घालून जा." मग जो तह ठरला तो ऐसा कीं पोलकें आदित्यवारीं पांच वाजेपर्यंत तयार व्हावें आणि जुईलीनें तें आपखुशीनें घालून घराबाहेर पडावें, तसें जाहलें तर गॅलरी द्वारकाबाईंची, न जाहलें तर सायकलची. जुईली स्पष्टवक्ती, तिनें तहांत आपलें एक कलम घातलें. म्हणाली, "आत्या, आधीच सांगते हं. तुला वाईट वाटेल म्हणून नाही घालणार. आवडला तरच." बाई म्हणाल्या, "दया म्हणून घातलास तर मीच अंगावरून ओढून काढीन." मालिनीबाईंनीं दोघींसही मान डोलावली आणि त्या कुकर लावण्यास निघून गेल्या.

सोमवारीं आत्या-भाचीची स्वारी कापडाच्या पेठेंत निघाली आणि चार दुकानें पालथीं घालून, दुकानदाराचीं ठाणेंच्या ठाणें उलगडून, पिस्त्याच्या रंगाची दोन मीटर मलमल घेऊन विजयी परतली. मलमल कैसी, तर फुंकर मारली तरी अंग चोरणारी. जुईली म्हणे लगेच कापूं, परंतु बाई जुन्या जाणत्या, त्यांनीं कापड रात्रभर बादलींत बुडविलें, कारण मलमल पाण्याला भिते आणि पहिल्या धुण्यांत आखडून बसते, तें आखडणें आधींच उरकून घ्यावें लागतें. मंगळवारीं वाळविलें, मंगळवारींच इस्त्री केली. बुधवारीं जुईलीचीं मापें घेतलीं, त्यांत ती हंसून हंसून वांकडी होई आणि छातीचें माप दर वेळीं निराळें येई. मग बाईंनीं आपल्या रिवाजाप्रमाणें वर्तमानपत्राची आदित्यवारची पुरवणी घेतली, ती जमिनीवर पसरून तिजवर पेन्सिलीनें पुढची बाजू आखली, मागची आखली, बाही आखली, आणि कात्रीनें कापून कागदी नमुने तयार केले, आणि ते नीट घडी करून यंत्रावर ठेवून दिले. येथपर्यंत सर्व यथासांग जाहलें.

आतां येथें त्र्यंबकरावांचा एक रिवाज सांगणें प्राप्त आहे. आदित्यवारच्या पुरवणींत शब्दकोडें येई, तें रावांनीं आजवर एकही सोडलें नव्हतें. आठवडाभर जमेल तेव्हां सोडवीत, आणि सोडविण्यापूर्वीं तें पट्टी धरल्यासारखें चौकोनी कापून घेऊन फायलींत लावीत. ऐशा फायली सात जाहल्या होत्या. तर गुरुवारीं सकाळीं राव पुरवणी शोधीत गॅलरींत आले, आणि यंत्रावर ती सांपडली. पुरवणीला हात, खांदा, गळा फुटलेला त्यांना दिसला काय? दिसला नाहीं. त्यांना फक्त कोडें दिसलें. मग त्यांनीं कात्री घेऊन कोडें सुबक कापलें, कागद होता तसा घडी करून ठेविला, आणि गुणगुणत ऑफिसला गेले. त्याच दुपारीं द्वारकाबाईंनीं मलमल दुहेरी घातली, दुमडीवर कागद ठेवून टाचण्या लाविल्या आणि कात्री हातीं घेतली. मालिनीबाई म्हणाल्या, "वन्सं, चष्मा लावा ना." तर बाई म्हणाल्या, "मालिनी, कापताना चष्मा लावला तर हातांना राग येतो. बत्तीस वर्षं कापतेय, माझ्या बोटांना डोळे आहेत." आणि बोटांनीं कागदाची कड चांचपीत कात्री सळसळ चालविली. कागदाची कड जिकडे गेली तिकडे कात्री गेली, आणि गळ्याशीं येतांच कड जरा जास्तच आंत वळली, तेव्हां बाईंच्या मनांत आलें कीं हल्लीच्या मुलींना खोल गळे आवडतात, आपण तसेंच आखलें असेल.

शुक्रवारीं खांदे जोडले, बाजू कच्च्या टांक्यांनीं जोडल्या, आणि जुईलीस बोलावून अंगावर घालून पाहिलें. आणि काय सांगावें! गळा म्हणावा तर तो गळा नव्हे, दुकानाचें शटर वर केल्यासारखें चौकोनी भगदाड, खांद्यापासून खांद्यापर्यंत रुंद आणि बरगडीपर्यंत खोल. जुईली पलंगावर बसून आधीं खूप हंसली, आणि मग आत्याचें तोंड पाहून एकदम थांबली. द्वारकाबाईंचे डोळे पांढरे जाहले. त्यांनीं प्रथमच चष्मा नाकावर ओढला, कागदी नमुना आणून कापडावर ठेविला, तों दोन्हीं तंतोतंत सारखीं. कागदालाच भगदाड होतें. आणि त्या भगदाडाची कड किती सरळ, किती काटकोनी, आणि कडेला बारीक छापलेलें राहिलेलें, "आडवे शब्द". त्या राज्यांत ऐसें सरळ कापणारा मनुष्य एकच होता, आणि तो त्याच वेळीं जोडे काढून घरांत येत होता. सर्वांनीं त्याजकडे पाहिलें. राव म्हणाले, "काय झालं?" मग त्यांस कागद दिसला, आणि तोंडचें पाणी पळालें. द्वारकाबाई ओरडल्या नाहींत. ओरडल्या असत्या तर बरें, ऐसें मागाहून सर्वांचें मत पडलें. त्यांनीं तो कागद घडी करून स्टुलावर ठेविला आणि हळू म्हणाल्या, "मशीन हलवायचंच होतं तर तसं सांगायचंस, त्र्यंबक. मी हलवलं असतं. पोरीचं कापड कशाला वाया घालवायचं?" राव म्हणाले, "अक्का, अगं शप्पथ, मी फक्त कोडं..." परंतु बाई उठून गेल्या होत्या, आणि बटणांच्या डब्याचें झांकण लावल्याचा आवाज तेवढा आला. खरें सांगावयाचें तर बाईंना पोलक्याचें इतकें वाईट वाटलें नाहीं. भावानें मुद्दाम केलें ऐसें वाटलें त्याचें वाटलें. हा भाऊ चार वर्षांनीं धाकटा, त्याला त्यांनीं कडेवर वागविलें होतें.

शनिवारीं सकाळीं द्वारकाबाईंनीं कपाटांतील चादर काढून यंत्रावर झांकली, म्हणजे पाठवणीची तयारीच केली. कापड उरलें होतें तें झालरींच्या पट्ट्यांपुरतें, छाती झांकण्यास एक वीतही नव्हतें, आणि त्या रंगाची मलमल दुकानांत शिल्लक नाहीं हें जुईलीनें दूरध्वनी करून विचारून ठेविलें होतें. आणि मग त्र्यंबकराव पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढून, तींत कोपरापर्यंत हात घालून, एक कापडाची घडी घेऊन गॅलरींत आले आणि ती बहिणीच्या मांडीवर ठेविली. ती मलमलीचा पांढरा सदरा होता, जुना, धुवून धुवून सायीसारखा मऊ जाहलेला. बाईंनीं तो उलगडला आणि बाह्या एकावर एक ठेविल्या. डावी बाही उजवीपेक्षां बोटभर लांब. बाई म्हणाल्या, "हा तो?" राव म्हणाले, "तोच. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीचा. मशीन आलं त्याच आठवड्यात शिवला होतास. एक बाही दुमडून गेलो होतो मी, साहेब म्हणाले उत्साही दिसतोस." बाई म्हणाल्या, "मला वाटलं कधीच लादी पुसायला गेला असेल." राव म्हणाले, "तुझ्या हातचं पहिलं कापड लादीला? वेडी आहेस का?" आणि मग दोघेंही कांहीं वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलीं, जेथें पाहण्यासारखें कांहीं नव्हतें, एक कावळा होता. द्वारकाबाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनीं चष्म्याच्या कांचा खराब आहेत ऐसें सांगून त्या पदरानें पुसल्या. राव म्हणाले, "यातून होईल का गं मधला भाग?" बाई म्हणाल्या, "होईल. पण मी नाही कापायची हा." तेव्हां राव म्हणाले, "मी कापतो. सरळ कापण्यात माझा हात कसा आहे, ते काल सगळ्यांनी बघितलंच आहे." हें ऐकून बाईंना तोंडावर पदर धरून हंसूं आलें, आणि आंत मालिनीबाईंनीं तितक्यांत आल्याचा चहा ठेविला, कारण त्यांना सर्व ऐकूं येत होतें.

मग जी रणधुमाळी जाहली ती काय वर्णावी! बाईंनीं चष्मा लावून सदऱ्यावर खडूनें आंखलें, राव जिभेचें टोंक बाहेर काढून कात्रीनें तितकेंच कापीत गेले, आणि पाठीच्या भागांतून छातीपुरता पांढरा तुकडा निघाला तो भगदाडांत बरोबर बसला, कारण भगदाडही त्याच हातचें होतें. परंतु मलमल नाजूक, यंत्राची सुई तिला दातांतल्या फटींत ओढून नेई आणि शिवण्याऐवजीं चघळी. यावर बाईंचा उपाय ऐसा कीं कापडाखालीं कागदाची पट्टी ठेवून शिवावें आणि मग कागद फाडून टाकावा, म्हणजे यंत्राला खाण्यास कागद मिळतो. बाई म्हणाल्या, "वर्तमानपत्र द्या कोणीतरी." राव आंत गेले आणि आपल्या सात फायलींतील पहिली फाईल घेऊन आले. जुईली म्हणाली, "बाबा! तुमची कोडी?" राव म्हणाले, "सुटलेली आहेत. सुटलेल्या कोड्याचं करायचं काय?" ऐसें म्हणाले खरे, परंतु पहिलें कोडें देतांना त्यांनीं तें एकदां वाचून घेतलें. मग झालरींची पाळी आली. पट्ट्यांस ढिल्या टांक्यांच्या दोन ओळी घातल्या, दोरा ओढला तसतशा चुण्या पडत गेल्या, आणि जुईलीनें घाईनें ओढला तेव्हां दोरा तुटून सर्व चुण्या एका क्षणांत सपाट जाहल्या, ऐसें दोनदां जाहलें, तेव्हां तिला झालरींपासून हटवून धागे कापण्याच्या कामावर बसविलें. योजना गळ्याशीं एकच झालर लावण्याची होती, परंतु आतां पांढऱ्या तुकड्याचे सगळे सांधे झांकणें प्राप्त होतें, म्हणून बाईंनीं बाह्यांच्या झालरी आंखूड केल्या आणि छातीवर तीन झालरी एकाखालीं एक चढविल्या. आदित्यवारीं दुपारीं चारास शेवटचा टांका घातला, कागद फाडला, दोरा दातांनीं तोडला. रावांनीं स्वहस्तें इस्त्री केली, आणि कोणीही सांगितलें नसतां दोनदां केली.

पांचास दहा मिनिटें कमी असतां जुईली पोलकें घेऊन आंत गेली आणि दार लावून घेतलें. बाहेर द्वारकाबाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या, बोटांत टाचणी फिरवीत. त्यांना माहीत होतें कीं ही पोर खोटें बोलावयाची नाहीं, आणि म्हणूनच जीव टांगणीला लागला होता. दार उघडलें. पिस्त्याच्या रंगांत मध्यें पांढरें, जसें मुद्दामच योजिलें असावें, आणि तीन झालरी ती चालली तशा हालत आल्या. जुईली आरशापुढें डावीकडे वळली, उजवीकडे वळली, हात वर करून पाहिले, गळ्याशीं झालर चाचपली. मग म्हणाली, "बाबा, हा पांढरा भाग किती मऊ आहे. आत्या, मला असला अजून एक हवा." आणि पर्स खांद्याला लावून, कोणाला नमस्कार वगैरे न करतां, खाड्खाड् जिना उतरून गेली, कारण तिला उशीर जाहला होता. शिवणींत कोठें तरी कोड्याचा एक काळा चौकोन अडकून राहिला होता, तो तिच्या बगलेखालून दिसत होता, परंतु तो कोणी तिला सांगितला नाहीं. तहाप्रमाणें गॅलरी द्वारकाबाईंची राहिली. त्र्यंबकराव म्हणाले, "सायकल रद्द करतो." बाई म्हणाल्या, "थांब जरा," आणि गळ्यांतला टेप काढून गॅलरीची लांबी मोजली, रुंदी मोजली, यंत्र आडवें फिरविलें तर काय उरतें तें मोजलें. सायकलीपुरती जागा निघाली, वर चार बोटें शिल्लक. इतके दिवस भांडण चाललें, परंतु टेप लावून पाहिलाच कोणीं नव्हता.

येणेंप्रमाणें झालरीच्या पोलक्याची मोहीम सात दिवसांत फत्ते जाहली. कामास आलें तें, दोन मीटर मलमल, एक जुना सदरा, एक फाईल कोडीं. जखमी, बाईंचें एक बोट. सध्यां त्या राज्यांत खिडकीशीं यंत्र आहे आणि शेजारीं सायकल आहे, आणि सकाळीं दोघें भावंडें लगत बसून पाय मारितात, आणि दोघांपैकीं कोणीच कोठें जात नाहीं. आदित्यवारीं पुरवणी आली म्हणजे राव सायकलवरून न उतरतांच ती बहिणीच्या डोळ्यांपुढें धरतात आणि पुसतात, "अक्का, कापू का?" बाई चष्मा लावतात, दोन्ही बाजू उलटून पाहतात, आणि मग म्हणतात, "काप." इति.